गणपतीच्या हातचं खिमट

तानूबाई आजऱ्याला निघाली, तेव्हा तिनं घरातल्या प्रत्येकाला काही ना काही सांगितलं. नवऱ्याला मात्र एवढंच म्हणाली, "तुम्ही फक्त पोरीला संभाळा. भरवायचं पलीकडची सुलतानबी बघंल."

थोरली लेक शारदा आजऱ्याला दिलेली होती. तिचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं आणि डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून बजावलं होतं. त्यामुळं लेक माहेरी येण्याऐवजी आईच लेकीच्या सासरी चालली होती. इकडं कोल्हापुरात, सिद्धार्थनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात, तिची सात महिन्यांची नात मनाली होती. मनालीची आई निशा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर जायला लागली होती आणि तिला दुपारची पाळी मिळाली होती. मनालीचा बाप नागसेन एस.टी.त कंडक्टर. गगनबावड्याची शेवटची फेरी करून तो घरी यायचा तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा झोपलेली असायची. राहता राहिला आजोबा, गणपती.

"सुलतानबीला कशाला तरास?" गणपती म्हणाला. "मी हाय की."

तानूबाईनं पिशवी खाली ठेवली आणि त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही? चार लेकरं झाली आपल्याला. कुणाच्या तोंडात एक घास तरी घातलाय का कधी?"

"न्हाय घातला. म्हणून काय घालता येत न्हाय व्हय?"

एस.टी.ची वेळ झाली होती, म्हणून वाद तिथंच थांबला. निशानं सासऱ्याला डबा दाखवला. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद भाजून दळलेलं पीठ तानूबाईनं त्यात भरून ठेवलं होतं. "मामा, एवढं पीठ थंड पाण्यात कालवायचं, मग गॅसवर ठेवून सारखं ढवळायचं. गुठळी होऊ द्यायची नाही. वरनं साजूक तूप, अर्धा चमचा. मीठ नको, साखर नको. दिवस मावळायच्या आत द्यायचं, म्हणजे ती झोपेला येत नाही."

"समजलं," गणपती म्हणाला. त्याला खरोखरच समजलं होतं. त्याची सगळी उमर उद्यमनगरातल्या फाउंड्रीत गेली होती. साच्यात लोखंडाचा रस ओतायचा म्हणजे तो किती तापलाय, किती पातळ हाय, कुठं थांबायचं, हे सगळं नजरेनं ओळखायचं असतं. त्या मानानं खिमट म्हणजे काय?

पहिल्या संध्याकाळी त्यानं ते अगदी मनापासून केलं. गुठळी होऊ दिली नाही. रंग बरोबर आला, तूप सोडलं, वास असा सुटला की त्यालाही भूक लागली. मनालीला त्यानं मांडीवर घेतलं. ती चमच्याकडं बघून हात-पाय हलवत होती. गणपतीनं खिमटात बोट बुडवून बघितलं. कोमट लागलं. त्यानं चमचा भरला आणि तिच्या तोंडात दिला.

मनाली आधी गप्प झाली. तिचे डोळे मोठे झाले, चेहरा लाल झाला, आणि मग तिनं जी किंकाळी फोडली ती भिंतीपलीकडच्या सुलतानबीनं शिलाई मशीनच्या आवाजातसुद्धा ऐकली. ती अर्धवट शिवलेला परकर हातात घेऊनच धावत आली.

"काय झालं, भाऊ? पडली काय?"

"न्हाय वो भाभी. एक चमचा दिला निस्ता."

सुलतानबीनं वाटीत बोट घातलं आणि चटकन बाहेर काढून तोंडात धरलं. "या अल्ला! भाऊ, हे इस्तव हाय की नुसता! पाणी आणा, उकळून गार केल्यालं. पळा!"

चमच्या-चमच्यानं गार पाणी पोटात गेलं तशी मनाली हळूहळू शांत झाली. हुंदके देत देत ती सुलतानबीच्या खांद्यावर झोपली. गणपती मात्र वाटीपाशीच बसून राहिला. त्यानं पुन्हा एकदा बोट बुडवलं. कोमट. दुसरं बोट बुडवलं. कोमटच.

फाउंड्रीत त्याचे हात प्रसिद्ध होते. चहाचं उकळतं पातेलं तो चिमट्याशिवाय उचलायचा आणि नवीन पोरं तोंडात बोटं घालून बघत बसायची. त्याला त्याचा अभिमानही वाटायचा. त्या हातांना आता ऊन-गार काहीच कळत नाही, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याचा कुणाला त्रास होईल, असं त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

रात्री निशा आली. तिनं खांद्यावरची पर्सही काढली नव्हती, तेवढ्यात तो उभा राहिला.

"निशा, माझ्या हातनं पोरीचं तोंड पोळलं. खिमट गरम होतं, मला कळलं न्हाय."

निशानं मनालीला उचलून दिव्याखाली नेलं, हनुवटी हलकेच खाली ओढून बघितलं. जिभेचं टोक लाल झालं होतं. अंगावर घेतल्यावर मनाली प्यायली, पण थांबत थांबत, मध्येच कुरकुरत. निशाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं सासऱ्याला दिसू दिलं नाही. "उद्या मी रजा टाकते," एवढंच म्हणाली.

सकाळी निशा, गणपती आणि मनाली दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की काळजीचं कारण नाही, वरवरचं आहे, दोन-चार दिवसांत बरं होईल. तोवर सगळं गार आणि मऊ द्या. मग त्यांनी सहज विचारलं, "संध्याकाळी किती देता हिला?"

"वाटीभर," निशा म्हणाली. "सासूबाई तेवढंच करतात."

"एवढीशी मूठ आहे तिची, पोटही तेवढंच. सुरुवातीला दोन-तीन चमचे पोटात गेले तरी पुष्कळ. पुढचं ती सांगेल तुम्हाला. अजून दूधच तिचं खरं जेवण आहे."

परतताना रिक्षात मनाली आजोबाच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. काल ज्यानं पोळवलं त्याच्याच खांद्यावर. गणपती अंग आखडून बसला होता, हलला तर ती जागी होईल म्हणून. निशा बराच वेळ बघत होती.

"मामा," ती म्हणाली, "मी रजा नाही टाकत."

"मग सुलतानबीला सांग. माझ्यानं व्हायचं न्हाय."

"का नाही होणार? बोटानं बघायचं नाही, एवढंच. मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकायचा. तिथली कातडी काही भट्टीत निबर झालेली नाही." ती थोडी थांबली. "आणि काल तुम्ही मी घरात पाय टाकायच्या आत सांगितलंत. दुसरं कुणी असतं तर दात येत असतील म्हणालं असतं. मला तेवढं बास आहे."

गणपतीनं मान खाली घातली. मग मोकळ्या हाताचं मनगट हळूच उलटं करून बघितलं.

जीभ बरी झाली, पण मनालीच्या मनातलं गेलं नाही. स्टीलचा चमचा नुसता दिसला की ती ओठ घट्ट मिटायची आणि मान अशी वळवायची की सगळं खिमट कानात जायचं. गणपतीनं नाचणीचं सत्त्व करून बघितलं. उकडलेला बटाटा दुधात कुस्करला. केळं कुस्करलं. मनगटावर थेंब टाकून टाकून तो इतकं गार करायचा की वरचं तूप थिजायचं. पण चमचा पुढं आला की मान तिकडं. संध्याकाळची भूक तर तिला लागायचीच. ती रडायची, मूठ चोखायची, आणि आई येईपर्यंत कसाबसा वेळ काढायची.

निशा आल्यावर विचारायची, "काही खाल्लं?"

"न्हाय," तो म्हणायचा. आणि ती पुढं काही विचारायची नाही, याचंच त्याला जास्त लागायचं.

एका संध्याकाळी सुलतानबी पदर खोचूनच आली. "असं न्हाय चालायचं, भाऊ. पोरगी वाळाय लागली. आमच्यात अशी पोरं झाली की गाल दाबायचा, तोंड उघडलं की आत ढकलायचं. एकदा चव लागली की खातंय. द्या हिकडं." तिनं मनालीला आडवी घेतली आणि दोन बोटांनी गाल धरले.

"नको, भाभी," गणपती म्हणाला.

"काय नको? उपाशी मारताय काय तिला?"

"एकदा पोळलंय तिला. तिला भ्या वाटतंय. तोंड दाबून घातलं तर आजच्यापुरतं जाईल, पण उद्या मला बघून सुद्धा रडंल." त्यानं हात पुढं केले. "द्या तिला. न्हाय खाल्लं तर न्हाय."

सुलतानबीला राग आला. "बघा बाबा, तुमचं तुम्ही," म्हणत तिनं पोर त्याच्या हातात दिली आणि तरातरा निघून गेली. गणपती दारात उभा राहिला. आपण बरोबर केलं की चूक, हे त्याला कळत नव्हतं. चाळीस वर्षं जे काम केलं त्यात चूक झाली तर साचा फोडून दुसरा करता यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारभर मनाली किरकिरी होती, तिला फिरवता फिरवता त्याचं स्वतःचं जेवण राहूनच गेलं. दिवस कलला तेव्हा त्याच्या पोटात कावळे ओरडत होते. निशानं सकाळी केलेली ज्वारीची भाकरी होती, कुकरमध्ये बिनफोडणीचं वरण होतं. फोडणी टाकायचीसुद्धा ताकद त्याच्यात राहिली नव्हती. आज पोरीसाठी वेगळं काही करायला नको, असंही त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. रोज आपण वाटी घेऊन तिच्यापुढं बसायचं आणि रोज तिनं रडायचं, त्यापेक्षा आजची एक संध्याकाळ तिला सुखानं जाऊ दे.

तो भिंतीला टेकून बसला, मनालीला डाव्या मांडीवर बसवलं, ताट पुढं ओढलं आणि भाकरी मोडली. वरणात बुडवून त्यानं पहिला घास घेतला. भुकेल्या माणसाला बिनफोडणीचं वरणही गोड लागतं. तो डोळे मिटून चावत होता.

दुसरा घास उचलला तेव्हा मनगटावर काहीतरी पडलं. मनालीचा हात होता. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि तो चावेल तसे स्वतःचे ओठ हलवत होती.

"तुला पायजे व्हय?" तो हळूच म्हणाला.

घाई केली तर सगळं बिघडेल, हे त्याला कळलं. भाकरीचा मधला मऊ भाग त्यानं वरणात भिजवला आणि ताटाच्या कडेला अंगठ्यानं असा मळला, असा मळला की कणीसुद्धा राहिली नाही. मनगटावर लावून बघितलं. खात्री वाटेना म्हणून ओठालाही लावलं. मग चमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यातलं थोडं करंगळीच्या टोकावर घेतलं आणि तिच्या तोंडाजवळ नुसतं धरलं. आत घातलं नाही.

मनालीनं बोटाकडं बघितलं. मग आजोबाकडं. मग पुढं झुकून तिनं ती खरबरीत करंगळी तोंडात धरली आणि चोखली.

गणपतीनं बोट तसंच धरून ठेवलं. तिनं जीभ बाहेर काढली, आत घेतली, तोंड वाकडं केलं, विचार केल्यासारखी थांबली. आणि मग दोन्ही हातांनी त्याचा हात पुन्हा तोंडाकडं ओढला.

एक घास तो खायचा, एक बोट ती चाटायची. त्याच्या शर्टावर वरण सांडलं, तिच्या केसांना भाकरी लागली. मग एका वेळी तिनं मान वळवली आणि दाराबाहेर उड्या मारणाऱ्या चिमणीकडं बघत राहिली. बोट तसंच तिच्या गालाजवळ होतं. इतक्या दिवसांची उपाशी संध्याकाळ. आणखी एकच घास जावा, असं त्याला फार वाटलं. पण दवाखान्यात ऐकलेलं त्याला आठवलं. त्यानं बोट मागं घेतलं आणि स्वतःच चाटून टाकलं.

निशा आली तेव्हा तो उंबऱ्यातच उभा होता.

"खाल्लं!"

"किती?"

तो विचारात पडला. चमच्यानं मोजलेलं नव्हतं, वाटीही घेतली नव्हती. त्यानं झोपलेल्या मनालीची मूठ दाखवली. "एवढं. मग मान फिरवली, मग मी थांबलो."

निशा मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले, आणि या वेळी लपवले नाहीत. "काय दिलंत?"

"मी जेवत होतो, तिनंच मागून घेतलं."

दुसऱ्या दिवसापासून गणपतीच्या घरात संध्याकाळची पंगत दिवस मावळायच्या आत बसायला लागली. पंगत दोघांचीच. जे पोरीला तेच त्याला. मऊ भात आणि वरणाचं पाणी. लाल भोपळा उकडून, तुपावर परतून. कधी दही-भात, दही ताजं असलं तर. निशानं एकदा उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक द्यायला सांगितलं, तोही त्यानं पाण्यात कालवून मऊ करून दिला. नवीन काही द्यायचं तर एका वेळी एकच, आणि तेही दोन-तीन दिवस देऊन बघायचं, पोट बिघडतंय का, अंगावर काही उठतंय का; मगच दुसरं. हे निशाचं सांगणं तो फाउंड्रीतल्या साहेबाच्या सांगण्यापेक्षा काटेकोर पाळायचा. काही दिवशी मनाली मूठभर खायची, काही दिवशी दोन बोटं चाटून उठायची. हळूहळू तिनं चमच्याचीही भीती सोडली. स्टीलचा नाही, पण सुलतानबीनं आणून दिलेला लाकडी चमचा तिनं आधी चावून बघितला आणि मग त्यातनं खाल्लं. सुलतानबीचा राग एव्हाना गेला होता. "तुमचं खरं झालं, भाऊ," ती म्हणाली, आणि जाता जाता ताटातला भोपळा चाखून, "पण ह्याला मीठ तरी घाला की!" असंही म्हणाली.

एका सुट्टीच्या दिवशी नागसेन घरी होता. तोही पंगतीला बसला. पहिल्या घासालाच त्यानं तोंड वाकडं केलं.

"आबा, ह्यात मीठ न्हाय. तिखट न्हाय. कांदालसूण चटणी तरी द्या."

"पोरीच्या पंगतीला बसलाईस. चटणी बघितली की तिला पायजे म्हणती. गप खा."

नागसेन गप खायला लागला. बाप पोरीचा घास ताटाच्या कडेला मळतो, मनगटाला लावतो, ओठाला लावतो, मग तिची वाट बघतो, हे तो बघत होता. बघता बघता म्हणाला, "मला कधी असं भरवलंत का वो?"

"न्हाय," गणपती म्हणाला. "दुसऱ्या पाळीला असायचो. घरी यायचो तवर तुम्ही सगळी वाकळंत झोपलेली." त्यानं मनालीचं तोंड पुसलं. "सुट्टीदिवशी भरवता आलं असतं. सुचलंच न्हाय बघ."

नागसेननं आपल्या ताटातला भात बोटांनी कुस्करला, मनगटाला लावून बघितला, आणि लेकीपुढं धरला.

जयंतीच्या आधी, गल्लीत निळ्या पताका लागायला सुरुवात झाली होती तेव्हा, तानूबाई परत आली. शारदाला मुलगा झाला होता, दोघं खुशाल होती. येताना तिनं आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आणला होता. पिशवी उघडली आणि दोन्ही खोल्या त्याच्या वासानं भरल्या. "ह्याचा मऊ भात करतो आता माझ्या सोन्याला," म्हणत तिनं पदर खोचला. त्या संध्याकाळी तिनं पाय लांब पसरून त्यावर मनालीला आडवी घेतली, एका हातात भरलेली वाटी, एका हातात स्टीलचा चमचा.

मनालीनं ओठ मिटले. मान फिरवली. आजीनं लाडीगोडी लावली, काऊ-चिऊ दाखवलं, मग आवाज चढवला. शेवटी मनाली रडायला लागली.

"बघा! माझी पोर मला इसरली," तानूबाईचा चेहरा उतरला. "काय शिकवून ठेवलंय तिला तुम्ही?"

गणपतीला बोलायचं होतं ते पुष्कळ होतं. पण बायको दमून आली होती, लेकीचं बाळंतपण उरकून आली होती, आणि तिचे डोळे भरले होते. तो एवढंच म्हणाला, "इसरली न्हाय गं. तुला भूक लागली न्हाय का? ताट घे. आपण जेवू."

"आत्ताच? दिवस तरी मावळू द्या."

"घे तर."

तिनं कुरकुरत ताट घेतलं. तिघं बसली. तानूबाईनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. गणपतीनं हळूच मनालीला तिच्या मांडीवर सरकवलं. थोड्या वेळानं मनालीनं आजीच्या हाताकडं बघून तोंड उघडलं.

"ही बघा, ही बघा, मागाय लागली!" तानूबाई म्हणाली. "किती दिऊ?"

"ती सांगती."

घनसाळचा मऊ भात मनालीनं खाल्ला आणि मान फिरवली. तानूबाईचा हात पुन्हा पुढं गेला, नवऱ्याकडं बघून थांबला. वाटीत अजून निम्मा भात होता. तो दोघांनी वाटून खाल्ला.

त्या रात्री गणपतीनं मनालीचा लाकडी चमचा धुऊन फळीवर ठेवून दिला. आता घरवाली आली. आता त्याचं काम संपलं. तसं ते कधी ना कधी संपणारच होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या सुमाराला तो ओट्यावर जाऊन बसला, नुसताच, पताका लावणाऱ्या पोरांकडं बघत.

आतनं तानूबाई बाहेर आली. पांढरं लुगडं नेसलेली. मनाली तिच्या कडेवर होती.

"घ्या हिला. मी विहारात चाललो. जयंतीची बैठक हाय बायकांची."

"आणि हिचं खाणं?"

"सकाळचं मी बघतो," तानूबाई चपला घालता घालता म्हणाली. "संध्याकाळचं तुमचं तुम्ही बघा. बैठका काय आजच संपणार हायत व्हय?" आणि ती मागं न बघता गल्लीतनं चालायला लागली. जयंती झाल्यावरही रोज संध्याकाळी तिला विहारात काही ना काही काम निघतच राहिलं.

त्या संध्याकाळी गणपती मनालीला घेऊन उठला. भिंतीपलीकडनं मशीनचा आवाज थांबला आणि सुलतानबीनं खिडकीतनं डोकं बाहेर काढलं.

"काय भाऊ, आज काय बेत?"

"गाजर. घरवालीनं उकडून ठेवलंय. पहिल्यांदाच देतोय. बघू, काय म्हणती," गणपती म्हणाला, आणि ताट घ्यायला आत गेला.